फुटी कढी आणि सोलकढी

“औषध तेच आहे मॅडम, फक्त कंपनी वेगळी.”

जूनमध्ये एका औषधाच्या दुकानात हे वाक्य ऐकलं आणि ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. चार महिने झाले. आज रविवार, कारखान्याला सुट्टी, म्हणून लिहायला बसले.

मावशीची दुसरी केमो होती त्या दिवशी. सकाळपासून पावसाने झोड उठवली होती. तिला पलंगावर बसवून, अंगावर शाल घालून मी औषध आणायला बाहेर पडले. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ६० मिलिग्रॅम लिहिलेलं. काउंटरवरच्या मुलाने फ्रीजमधून दोन व्हायल काढल्या, थर्माकोलच्या डब्यात बर्फाची पिशवी घालून वर ठेवल्या आणि बिल पुढे सरकवलं. बिलाचा आकडा बघून मी थबकले. महिन्यापूर्वी याच औषधाला यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजले होते. शिवाय तेव्हा २० मिलिग्रॅमच्या तीन व्हायल होत्या. आता एक ५० ची आणि एक १० ची. बेरीज बरोबर. नाव बरोबर, डॉक्सोरुबिसिन. दर मिलिलिटरला २ मिलिग्रॅम, तेही तेच. रंगही लालच.

मोठी व्हायल मी उचलून ट्यूबलाइटसमोर धरली. ट्यूबची पांढरी रेघ पलीकडून स्वच्छ, सरळ दिसली. ट्यूबच्या पट्टीला चिकटून बसलेली पालसुद्धा दिसली, लाल रंगात. तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मागच्या वेळच्या व्हायलमधून असं काही दिसलं नव्हतं. त्यात धुकं होतं.

“हे लायपोसोमल नाही,” मी म्हटलं. लायपोसोमल म्हणजे सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं. त्यावर त्याने ते वाक्य ऐकवलं. मुलगा उद्धट नव्हता, कामचुकारही नव्हता. त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मी मालकांशी फोनवर बोलले, त्यांच्या लगेच लक्षात आलं, त्यांनी मनापासून माफी मागितली आणि दुपारपर्यंत योग्य औषध आणून दिलं. दुकानाचं नाव मी लिहिणार नाही. ही चूक कुठल्याही गावात, कुठल्याही काउंटरवर होऊ शकते. पुढे इस्पितळात सिस्टरने ती पकडली असती का? बहुधा पकडली असती. पण त्या “बहुधा”वर माझी मावशी बसलेली होती.

माझं काम सांगते, म्हणजे मी व्हायल उजेडात का धरली ते कळेल. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत इंजेक्शनं बनवणाऱ्या एका कारखान्यात मी बारा वर्षं क्यूसीमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणीत आहे. पहाटे फोंड्याहून कंपनीची बस, दिवसभर लॅब, संध्याकाळी परत. यातली चार वर्षं मी लायपोसोमल औषधांच्या सॅम्पलवर काम केलं. म्हणजे ज्या औषधावर मावशीचं आयुष्य पुढे सरकतंय, त्याच जातीचं औषध मी रोज तपासत होते, आणि हे कुणाच्या शिरेत जाणार आहे, असा विचार करायला मला तेव्हा फुरसत नव्हती. आता होतो. दर सॅम्पलला होतो.

मावशी सावईवेऱ्याची. नवऱ्यामागे कुळागर तिनेच सांभाळलं. सुपारी, मिरी, नारळ, पाटाचं पाणी, सगळं. दोन वर्षांपूर्वी अंडाशयाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रिया झाली, सहा केमो झाल्या, केस गेले, परत आले. वर्ष सरतं न सरतं तोच आजार उलटला. तेव्हा डॉक्टरांनी या औषधाचं नाव घेतलं आणि लगेच सांगितलं, साधं डॉक्सोरुबिसिन हिला चालणार नाही, लायपोसोमलच हवं. कारण टू-डी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचं पंपिंग जेमतेम ५० टक्के.

डॉक्सोरुबिसिन हे जुनं आणि जबरदस्त औषध आहे. इटलीतल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून ते आलं. एड्रियाटिक समुद्रावरून त्याला एड्रियामायसिन हेही नाव पडलं. पेशी दुभंगताना तिच्या डीएनएत ते अडकून बसतं आणि पेशी मरते. पण ते हृदयाच्या स्नायूलाही सोडत नाही, आणि ही इजा साठत जाते. आयुष्यभरात एकूण किती डोस द्यायचा याला मर्यादा आहे, शरीराच्या दर चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅम. त्यापुढे हृदय निकामी होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. म्हणजे औषध गाठीवर चालत असतानाही हृदयासाठी ते थांबवावं लागतं.

मग हेच औषध एका सूक्ष्म कुपीत बंद करून सोडलं तर? ही कल्पना ज्यावर उभी राहिली, त्या लायपोसोमचा शोध १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलेक बँगहॅम यांना लागला. लेसिथिनसारखी स्निग्ध द्रव्यं पाण्यात मिसळली की ती आपोआप दुपदरी पापुद्रे करतात आणि ते पापुद्रे मिटून गोल पिशव्या होतात. आपल्या प्रत्येक पेशीची भिंतही याच घाटाची असते. पुढे जेरुसलेममध्ये येहेज़्केल बारेनहोल्झ आणि अल्बर्टो गाबिझोन यांनी या पिशवीत डॉक्सोरुबिसिन भरायची युक्ती शोधली. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत डॉक्सिल या नावाने त्याला मान्यता मिळाली. नॅनो म्हणता येईल असं मान्यता मिळालेलं ते पहिलं औषध.

ती युक्ती मला अजून सुंदर वाटते, म्हणून जरा थांबून सांगते. आधी पिशव्या बनवायच्या, अमोनियम सल्फेटच्या पाण्यात. मग त्या अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून दाबाने पुन्हा पुन्हा ढकलायच्या, सोऱ्यातून शेव पाडावी तशा, सगळ्या एका मापाच्या होईपर्यंत. मग बाहेरचं अमोनियम सल्फेट धुऊन काढायचं; पिशवीच्या आतलं आतच राहतं. आता औषध बाहेर घालून सगळं कोमट करायचं. आतून अमोनिया वायू पापुद्र्यातून बाहेर निघून जातो, औषध आत शिरतं, आतल्या सल्फेटला भेटतं आणि तिथेच त्याचा स्फटिक होतो. स्फटिक झालं की परतीची वाट बंद. नव्वद टक्क्यांहून जास्त औषध असं आपल्या पायाने आत जाऊन बसतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पिशवीच्या पोटात एक आडवी रेघ दिसते, कॉफीच्या बीसारखी. एकेका पिशवीत औषधाचे दहा ते पंधरा हजार रेणू. आणि पिशवीचं माप? ८० ते १०० नॅनोमीटर. डोक्यावरचा एक केस आडवा धरला तर त्याच्या जाडीत अशा हजारभर पिशव्या शेजारी शेजारी बसतील.

बाहेरून आणखी एक आवरण असतं, पेग नावाच्या लांबलचक रेणूंचं. ते अंगाभोवती पाण्याचा थर धरून ठेवतं. त्यामुळे यकृतातल्या आणि प्लीहेतल्या ज्या पेशी रक्तातला परका कण दिसला की गिळतात, त्यांना ही पिशवी लवकर ओळखू येत नाही. साधं डॉक्सोरुबिसिन शिरेत सोडलं की काही मिनिटांत रक्तातून नाहीसं होऊन सगळ्या अंगभर पसरतं. पिशवीतलं दोन-तीन दिवस रक्तात फिरत राहतं.

हे सगळं मी मावशीला सांगत होते तेव्हा ती ऐकत होती, डोळे मिटून. आम्ही घरात कोकणीच बोलतो, लिहिते मी मराठीत. तिने विचारलं, “हें वखद आपली वाट कशी सोदता गो?” हे औषध आपली वाट कशी शोधतं. गाठ कुठे आहे हे त्याला कोण सांगतं?

कुणीच सांगत नाही. वर्तमानपत्रांत नॅनोकणांबद्दल छापून येतं ते रामबाण असल्यासारखं: सोडला की नेमका जाऊन लागणार. मावशीला मी तसं सांगू शकले नाही. मी तिला तिच्या घराची कौलं दाखवली. मिरगाआधी ती दरवर्षी शाकारून घेते. एखाद्या वर्षी राहून गेलं तर पाऊस कुठे गळतो? जिथे कौल सरकलंय तिथे. पावसाला ठाऊक नसतं कुठलं कौल सरकलंय. तो सगळ्या छपरावर सारखाच पडतो. गाठ घाईघाईने वाढते, तिच्यातल्या रक्तवाहिन्याही घाईघाईने उभ्या राहिलेल्या असतात, त्यांच्या भिंतींत फटी राहतात. निरोगी रक्तवाहिनीच्या भिंतीतून ९० नॅनोमीटरची पिशवी सहसा बाहेर पडत नाही; गाठीतल्या फटीतून पडते. आणि गाठीतून निचरा नीट होत नसल्याने तिथेच साचते. जपानमध्ये यासुहिरो मात्सुमुरा आणि हिरोशी माएदा यांनी १९८६ मध्ये हे दाखवून दिलं. म्हणून औषध जास्त वेळ फिरत राहणं महत्त्वाचं. पाऊस पाच मिनिटं पडला तर सरकलेल्या कौलातूनही थेंब येत नाही. दोन दिवस लागून राहिला तर खाली भांडं ठेवावं लागतं.

मावशी म्हणाली, “म्हणजे बाकीच्या घरावरही पडतोच की.”

पडतोच. २०१६ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी दहा वर्षांतले, मुख्यतः उंदरांवरचे प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला. सोडलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचतात किती? मध्यक, म्हणजे सगळे आकडे ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, निघाला ०.७ टक्का. शंभरातला एकही नाही. मी तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा लॅबमध्येच होते आणि हातातलं सॅम्पल खाली ठेवून दोन मिनिटं नुसती बसून राहिले होते. शिवाय माणसाची गाठ उंदराच्या गाठीसारखी गळकी असतेच असं नाही. एकाच माणसाच्या दोन गाठींतही फरक असतो. पण मावशीच्या बाबतीत प्रश्न फक्त गाठीत किती गेलं एवढाच नव्हता. हृदयात किती गेलं नाही, हाही होता. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची भिंत घट्ट असते, पिशवी तिथून सहजी आत शिरत नाही. मावशीसाठी हे औषध निवडलं गेलं ते तेवढ्यासाठी. गाठ मारणारा रेणू साध्या औषधातही तोच आहे.

आणि म्हणूनच “औषध तेच” हे वाक्य इतकं धोक्याचं. रेणू तोच, मिलिग्रॅम तेवढेच, रंग तोच. पिशवी नाही एवढाच फरक, आणि त्या फरकावर सगळं अवलंबून.

याहून वाईट गोष्ट दुसऱ्या एका औषधात होऊ शकते. २०२१ च्या मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेमागोमाग काळी बुरशी आली तेव्हा अँफोटेरिसिन-बी हे नाव घराघरांत पोचलं. तेही दोन रूपांत मिळतं. साध्या रूपात ते मूत्रपिंडांना फार त्रास देतं, थंडी वाजून अंग थडथड उडतं. त्याचा दिवसाचा डोस वजनाच्या दर किलोला १.५ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. लायपोसोमल रूपात दर किलोला ५ मिलिग्रॅम सर्रास देतात. आता चिठ्ठीवर लायपोसोमलचा आकडा आणि हातात साधी व्हायल, असं झालं तर? हृदय बंद पडून माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. त्या मे महिन्यात माझ्या शेजारणीचा भाऊ या औषधासाठी पणजी, मडगाव, बेळगाव असा फिरला होता. रात्री साडेअकराला त्याने मला फोन करून दोन डब्यांवरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं, एकेक शब्द. आम्ही तिसऱ्यांदा वाचल्यावर एक डबा बाजूला ठेवला.

याच औषधाची एक बाजू मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. बिहारमध्ये काळा आजार, म्हणजे वाळूमाशीच्या चावण्याने पसरणारा जीवघेणा ताप, पिढ्यान्‌पिढ्या माणसं खात होता. वाराणसीच्या डॉ. श्याम सुंदर यांनी दाखवून दिलं की लायपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच डोस, दर किलोला १० मिलिग्रॅम, एका बैठकीत दिला तरी पुरतो. पूर्वी महिनाभर एक दिवसाआड सुई. आपल्या देशात याचं लायपोसोमल रूप घडवण्यात मुंबईच्या केईएम रुग्णालयात काम केलेल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचा मोठा वाटा आहे. मराठी घरांत हे नाव जितकं माहीत असायला हवं तितकं नाही.

आमच्या लॅबमध्ये मी काय बघते ते सांगते. सॅम्पलचे काही थेंब पाण्यात विरळ करून काचेच्या चौकोनी नळीत घालायचे आणि त्यातून लेसरचा किरण सोडायचा. कौलारू घरात दुपारी कवडसा पडतो आणि त्यात धुळीचे कण नाचताना दिसतात, तसं. लहान कण चपळ नाचतात, मोठे सुस्त. किरण किती भरभर लुकलुकतो यावरून यंत्र माप काढतं आणि पडद्यावर एक टेकडी उमटते. टेकडी अरुंद आणि ९० च्या आसपास असली की मला बरं वाटतं. एकदा एका ट्रायल बॅचला त्या टेकडीच्या उजव्या अंगाला छोटासा उंचवटा दिसला, ३०० च्या जवळ. सॅम्पल पुन्हा घेतलं, पुन्हा तोच. प्रॉडक्शनमधले एक सर खाली आले, म्हणाले, एवढासा तर आहे. तो एवढासा उंचवटा म्हणजे छिद्रांच्या पडद्यातून नीट न गेलेल्या मोठ्या पिशव्या. प्लीहा त्या पहिल्याच फेऱ्यांत गाळून घेणार आणि तेवढं औषध भलत्या ठिकाणी जाणार. बॅच बाद झाली. माझ्याशी पंधरा दिवस कुणी धड बोललं नाही. आज त्या पंधरा दिवसांचं मला काहीच वाटत नाही.

या औषधाची नक्कल करणं किती कठीण आहे हे जगाने २०११ मध्ये बघितलं. डॉक्सिल बनवणाऱ्या एका कंत्राटी कारखान्यातलं उत्पादन थांबलं आणि अमेरिकेत रुग्णांची नावं प्रतीक्षायादीत लागली. शेवटी फेब्रुवारी २०१२ मध्ये तिथल्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, आपल्या सन फार्माचं लिपोडॉक्स तात्पुरतं आयात करायला परवानगी दिली आणि पुढच्या वर्षी त्यांच्या जेनेरिकला मान्यता दिली. त्या बातमीची छापील प्रत आमच्या लॅबच्या फळ्यावर कितीतरी दिवस लावलेली होती. रेणू बनवता येणारे पुष्कळ असतात. रेणूभोवतीची पिशवी दर वेळी तशीच, त्याच मापाची, तेवढ्याच घट्टपणाची बनवणारे थोडे.

नॅनो म्हटलं की लोकांना ते कुठेतरी परदेशात, काचेच्या इमारतीत घडणारं वाटतं. माझ्या मुलाच्या वेळी सातव्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन उतरलं तेव्हा आरोग्य केंद्रात मला गडद तपकिरी रंगाची सलाईन लावली होती, आयर्न सुक्रोजची. लोहाचा काही नॅनोमीटरचा गाभा आणि त्याभोवती साखरेचं वेष्टण. मोकळं लोह रक्तात सोडलं तर विष. वेष्टणातलं हळूहळू सुटतं. तेव्हा पलंगावर पडून मी बाटलीकडे बघत होते आणि आपण नॅनोकण घेतोय हे मला, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या बाईला, सुचलंही नव्हतं.

तर मावशी. आमच्या खेपांचा क्रम आता ठरून गेला आहे. औषध ५ टक्के ग्लुकोजमध्येच घालायचं. आपण सगळ्याच बाटल्यांना सलाईन म्हणतो, पण खरं सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, ते याला वर्ज्य. सुरुवातीला अगदी हळू सोडायचं, कारण पहिल्या काही मिनिटांतच कुणाकुणाला चेहरा लाल होणं, छाती आवळणं, पाठ दुखणं असं होतं. मावशीला पहिल्या खेपेला झालं. सिस्टरने ड्रिप बंद केली, इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासाने पुन्हा हळूहळू चालू केली. त्यानंतर कधी झालं नाही.

पण तिसऱ्या खेपेनंतर तळहात लाल झाले. आधी नुसती हुळहुळ, मग आग, मग उकडलेल्या बटाट्यासारखी साल सुटायला लागली. तळपायांचंही तेच. याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात. अंडाशयाच्या कर्करोगात दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅमने हे औषध दिलं तेव्हा जवळजवळ निम्म्या बायकांना हा त्रास झाला. कारण तेच, ज्याचं मी तिला कौतुक सांगितलं होतं: औषध दिवसच्या दिवस फिरत राहतं, मग जिथे दाब पडतो, घासलं जातं, ऊब असते, तिथल्या त्वचेत ते झिरपतं. हृदय वाचतं, किंमत तळहात मोजतात.

डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: गरम पाणी नको, घासणं नको, घट्ट चप्पल नको. कागद छोटा होता. मी तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून तो कागद वाचला आणि आजूबाजूला बघितलं. आदोळीवर नारळ खवणं म्हणजे तळहातावर दाब. सुपारी सोलणं म्हणजे दाब आणि घासणं. भिंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं काढणं, चुलीवरचं भांडं फडक्याने उतरवणं, न्हाणीघरातलं पाणी, तापल्या खळ्यातून अनवाणी चालणं. तिचं सगळं आयुष्य तळहातांतून चालत आलेलं. मिक्सरला खोबरं वाटायला तिने आठ दिवस घेतले. रस बदलतो म्हणाली. मी रोज रात्री फोन करून विचारायचे, हात कसे आहेत. ती म्हणायची, बरे आहेत. रविवारी जाऊन बघितलं तर बोटांच्या पेरांना भेगा आणि आदोळी ओली.

त्या दिवशी मी तिच्यावर ओरडले. मग तिचे हात थंड पाण्यात धरून, पुसून, क्रीम लावून बसले. ती काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, “गो बाय, हात बांधून बसायचं तर बरी होऊन मी करू काय?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

चौथी खेप पंधरा दिवस पुढे ढकलली, डोस कमी केला. गणेश चवथीला सगळे जमलो. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, तिनेच सांगून सांगून बांधून घेतली: घागऱ्या कुठे, कांगला कुठे, नारळाची पेंड मधोमध. रात्री बायकांनी फुगड्या धरल्या. फुगडीत सगळा जोर पंज्यांवर येतो, एकमेकींचे हात आवळून धरल्याशिवाय गिरकी घेता येत नाही. मावशी खुर्चीवर बसली होती. हात मांडीवर, तळवे वर करून, वाऱ्याला. गाणी तीच सांगत होती, एकाचा शेवट होतो न होतो तोच दुसरं. माझ्या भाचीने, सहा वर्षांची आहे, येऊन तिचं मनगट धरलं, तळहात नाही, आणि तिच्याभोवती एकटीच गिरक्या घेतल्या.

सप्टेंबरात तपासण्या झाल्या. सीए-१२५ (रक्तात दिसणारी या कर्करोगाची खूण) औषध सुरू करताना ४१२ होतं, आता ९६. स्कॅनमध्ये एक गाठ आकसली आहे, बाकीच्या आहेत तेवढ्याच. हृदयाचं पंपिंग ५० च्या ५० वर. हा आजार या औषधाने मुळापासून जाईल असं डॉक्टर म्हणालेले नाहीत, आणि मावशीने विचारलेलंही नाही. तिने विचारलं ते सुपारी कधी सोलता येईल.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी अशी केमो चालू असेल तर माझी हात जोडून विनंती आहे. व्हायलवरचं फक्त नाव वाचून थांबू नका. लायपोसोमल, पेगिलेटेड हे शब्द चिठ्ठीवर असतील तर ते लेबलवरही असले पाहिजेत. चिठ्ठीवर नसतील तर लेबलवरही नकोत. व्हायलची संख्या किंवा किंमत मागच्या वेळेपेक्षा बदलली तर विचारा. विचारताना लाजू नका, कुणाचा अपमान होत नाही. आणि लाल असेल तर उजेडात धरा.

उजेडात धरायचं का, हे मावशीला मी त्या जूनमधल्या दुपारीच सांगितलं होतं, दोन्ही व्हायल डोळ्यांसमोर असताना. साध्या औषधात रेणू पाण्यात विरघळून गेलेले, उजेड अडवायला काही नाही. दुसरीत कोट्यवधी पिशव्या तरंगतात, प्रत्येक पिशवी थोडा थोडा उजेड बाजूला फेकते, म्हणून धुकट दिसतं. मी आणखी काही सांगणार होते. तिने दोन्हींकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाली, “ही फुटी कढी आणि ही सोलकढी.” अगदी बरोबर. कोकमाच्या आगळाचं नुसतं पाणी आरपार दिसतं. त्यात नारळाचा रस पडला की दिसत नाही, कारण रसातले तेलाचे थेंब उजेड विखरतात. नारळाच्या रसातले थेंब मोठे म्हणून ती पार दुधट. आपल्या पिशव्या उजेडाच्या लहरीपेक्षाही बारीक म्हणून नुसतं धुकं. बारा वर्षांत मी कितीतरी ट्रेनींना हे समजावलं आहे, आकृत्या काढून.

सोमवारी सहावी खेप आहे. व्हायल आणली की आता सिस्टर आधी मावशीच्या हातात देतात. ती हातमोजा घालते, खिडकीकडे वळते, व्हायल डोळ्यांसमोर धरते, बाहेरच्या माडाकडे बघते. माड दिसला नाही की मान हलवते.

“सोलकढी. लावा.”